लंबगोल दीर्घिकेतले तारे किती झटक्यात बनले, घरबसल्या कसं वाचायचं

कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावर दुर्बीण लावली की दरवेळी कुणीतरी एम ८७ ही मोठी लंबगोल दीर्घिका बघून विचारतंच, "एवढंच? नुसता कापसाचा बोळा दिसतोय की". दिसतं तेवढंच, खरंय. पण तो उजेड साधारण साडेपाच कोटी वर्षं चालत आलाय आणि त्यातले बहुतेक तारे हजार कोटी वर्षांच्या आसपास जुने आहेत, हे कळायला वर्णपट, म्हणजे उजेड रंगारंगांत फोडून काढलेला आलेख, वाचता यायला लागतोय आणि ते लॅपटॉपवर फुकटात जमतंय.

तरी आधी एकदा डोळ्यानं बघाच. मे महिन्याच्या मध्यावर अमावस्येच्या आसपास रात्री साडेनऊला एम ८७ कोल्हापुरातनं जवळपास डोक्यावर असते, उत्तरा फाल्गुनी आणि कन्या राशीतला विंडेमियाट्रिक्स यांच्या साधारण मधोमध. ६ इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवर फिरणारी दुर्बीण) पुरते, पण अगदी डोक्यावर ती नीट वळत नाही, म्हणून तासभर आधी किंवा नंतर धरा. शहरातल्या रंकाळा तलावावरनं नाद करू नका, उजेडात काही लागत नाही.

आता कामाचं. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश-पाहणीची स्कायसर्व्हर ही वेबसाइट उघडा, नेव्हिगेटमध्ये आकाशात फिरा आणि वर्णपट असलेली एखादी गोल, गुळगुळीत, पिवळट-तांबूस दीर्घिका निवडा. यू वजा आर (अतिनील आणि लाल गाळणीतनं मोजलेल्या तेजांतला फरक) हा रंगाचा आकडा २.२२ च्या वर असला तर ती बहुतेक जुन्या ताऱ्यांची. बहुतेकच म्हणतोय, कारण मी पहिल्यांदा नुसता रंग बघून जी निवडली ती आडवी दिसणारी सर्पिल निघाली, धुळीमुळं लाल झालेली, आणि दोन संध्याकाळ त्यात गेल्या. फोटो मोठा करून बघा, मधनं काळी पट्टी गेली असेल तर सोडून द्या.

मग एक्सप्लोरमध्ये वर्णपट उघडा आणि झेड म्हणजे रेडशिफ्ट, उजेडाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचा आकडा, लिहून घ्या. समजा ०.०५ आहे, तर प्रत्येक रेषेची मूळ तरंगलांबी १.०५ नं गुणायची. कॅल्शियमच्या दोन रेषा, म्हणजे आलेखातल्या दोन दऱ्या, ३९३४ आणि ३९६९ अँगस्ट्रॉमच्या (तरंगलांबीचं एकक), त्या ४१३१ आणि ४१६७ ला सापडतील, लगेच पुढं ४२०० ला आलेख पायरी चढल्यासारखा वर जातो. ही पायरी उंच असली की तारे म्हातारे. नंतर ६८९१ ला हायड्रोजनची अल्फा रेषा बघा, तिथं उंच टोक असेल तर तारे अजून बनत असतील किंवा मधलं कृष्णविवर जागं असेल, सपाट असेल तर कारखाना बंद.

आता खरी गंमत. मॅग्नेशियम ५१७५ ची दरी ५४३४ ला येते, लोखंडाच्या ५२७० आणि ५३३५ च्या ५५३४ आणि ५६०२ ला. या दोघांचं प्रमाण म्हणजे तारे बनायला किती वेळ लागला त्याचं घड्याळ. सूर्याच्या ८ पटींहून जड तारे काही कोटी वर्षांतच फुटतात आणि भरपूर मॅग्नेशियम टाकतात. बरंचसं लोखंड मात्र श्वेतबटूंच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटातनं येतं आणि त्यातल्या बऱ्याच स्फोटांना शंभर कोटी वर्षं किंवा जास्त लागतात. गुऱ्हाळावर बघा, काहील चुलाणावर आहे तोवर जे पडेल तेच रसात मिसळतं, उतरवून गूळ साच्यात थापला की नंतर काही टाकून उपयोग नाही. मोठ्या लंबगोल दीर्घिकांची काहील लवकर उतरली, म्हणजे तारे बनणं लवकर थांबलं, म्हणून त्यांच्या ताऱ्यांत लोखंडाच्या मानानं मॅग्नेशियम सूर्यापेक्षा दीडपट ते दुप्पट भरतं. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीत चुलाण अजून पेटलेलंच आहे.

मग एम ८७ सारख्या लंबगोल दीर्घिकांत ते पुन्हा का पेटलं नाही? गॅस संपला असं नाही. एम ८७ भोवती एक-दोन कोटी अंश तापलेला गॅस आहे, उशिरा फुटलेल्या ताऱ्यांचं लोखंडही त्यात आहे, एक्स-रे मध्ये त्याच्या रेषा दिसतात. पण मधलं ६५० कोटी सूर्यांएवढं कृष्णविवर, ज्याचा फोटो २०१९ ला आला तेच, आपल्या झोतानं त्याला थंडच होऊ देत नाही, आणि थंड झाल्याशिवाय तारा बनत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. जास्त धातू (खगोलात हायड्रोजन-हेलियम सोडून बाकी सगळी मूलद्रव्यं) आणि जास्त वय दोन्ही दीर्घिकेला लाल करतात, म्हणून वयासाठी हायड्रोजनची बीटा रेषा ४८६१, म्हणजे इथं ५१०४, वेगळी बघायची, ती जितकी उथळ तितके तारे जुने, फक्त तापलेल्या गॅसच्या उजेडानं (उत्सर्जनानं) भरून उथळ झाली नाही ना ते अल्फावरनं ताडून घ्या. आणि दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या वेगांत फरक जास्त असला की रेषा पसरट होतात, डोळ्याला दरी उगाच उथळ वाटते, त्यामुळं नक्की आकडा पाहिजे असेल तर वर्णपटाला ताऱ्यांचे नमुने जुळवून बघणारं पायथनमधलं पीपीएक्सएफ वापरा, फुकट आहे, शिकायला वेळ द्यावा लागतो.

सुरुवातीला दहा दीर्घिका घ्या, वेग-विस्ताराचा (ताऱ्यांच्या वेगांतल्या फरकाचा) आकडा स्कायसर्व्हरवरच दिलेला असतो, त्याप्रमाणं १५० पासनं ३०० किलोमीटर प्रतिसेकंदापर्यंत ओळीनं लावा, प्रत्येकीची मॅग्नेशियमची दरी पीपीएक्सएफच्या मदतीनं मोजून वहीत लिहा. रेषा पसरत जातात तरी दरीचं एकूण माप वाढत गेलेलं दिसेल.