गाव सोडून पुण्या-गोव्याला जायचंय? मग आधी हे करून घ्या

सुगी आटोपली की आमच्या कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात निम्मी पोरं गायब होतात, कोण पुण्याला, कोण गोव्याला हॉटेलात, कोण कोल्हापूरच्या एमआयडीसीत, आता तर बेंगळूरला पण जायलेत. जाऊ नका असं मी कुणाला सांगणार नाही. पण पगाराचा आकडा ऐकून बॅग भरू नका, महिन्याच्या शेवटी हातात काय उरतंय ते बघा आणि गावाकडचा पाय एकदम उचलू नका, एवढंच सांगायचंय.

पहिलं काम म्हणजे आपण का जातोय ते स्वतःशी खरं बोला. पाऊस धो धो पडतो, मलप्रभा आमच्याच कणकुंबीत उगवते, पण भात कापून झालं की रानात पाणी नाही, म्हणजे वर्षाला एकच पीक. आजोबाची जमीन चार पोरांत, मग त्यांच्या पोरांत, शेवटी वाट्याला गुंठे. भीमगडच्या जंगलालगतच्या गावात त्यात भर म्हणून गवे, एका रात्रीत पोटरीला आलेलं भात तुडवून जातात. निपाणी-चिकोडीकडं ऊस तरी आहे, तिकडचं गणित वेगळं.

आणि एक कारण लोक उघड सांगत नाहीत, ते म्हणजे लग्न. पोरगं गावात भात करतंय म्हटलं की स्थळच येत नाही, पुण्यात कंपनीत आहे म्हटलं की कंपनीत काय करतंय हे पण कुणी विचारत नाही. कारण लग्न असेल तर तसं घरात बोला, जमिनीला उगाच शिव्या घालू नका.

आता हिशोब करा, कागदावर. समजा पुण्याकडं चाकणला 18 हजार सांगितले. त्यातला पीएफ जातो, 15 हजारावर धरला तर 12 टक्क्यानं 1800, ईएसआयचे (कामगार विम्याचे) 0.75 टक्के म्हणजे 135, हातात 16 हजार आले. कॉट बेसिसवर, म्हणजे चारचौघांच्या खोलीत एका कॉटचे 3 हजार धरा, मेसचे साडेतीन, गाडीभाडं-मोबाईल-चहा दीड हजार, गावाला यायचं-जायचं वेगळं, उरले सात-साडेसात हजार. तेच बेळगावच्या उद्यमबागला कुठल्या फौंड्रीत नाहीतर लेथवर 13 हजार मिळाले, तर पीएफ-ईएसआय जाऊन 11 हजार 300, बसचा आणि चहाचा खर्च दीड हजार, जेवण घरचं, उरले पावणेदहा हजार! उद्यमबाग खानापूर रोडवरच आहे, आपल्याकडची बस तिथनंच जाते. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण हा हिशोब न करता जाऊ नका. म्हणून मी म्हणतो, आधी वर्षभर बेळगावला अप-डाऊन करा, हेल्परचा ऑपरेटर व्हा, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) शिका, मग पुण्याला जा, तेव्हा पगार तुम्ही सांगाल. आयटीआय केलेल्यानं तर हेल्पर म्हणून जायचंच नाही.

ठेकेदारामार्फत जात असाल तर दोन गोष्टी तोंडावर विचारा, ब्रेक किती महिन्यांनी देणार आणि पीएफ भरणार की नुसता कापणार. काही ठिकाणी सात-आठ महिने झाले की घरी पाठवतात आणि परत नवीन म्हणून घेतात, ते माहीत नसलं की माणूस हप्त्यावर मोबाईल-गाडी घेऊन बसतो. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आधीचा असेल तर तोच द्या, दरवेळी नवा काढला की जुने पैसे अडकून पडतात. आणि 20 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत पीएफ लागू होतोच, मालक काही उपकार करत नाही.

सेंट्रिंग, गवंडीकाम करणाऱ्यांनी बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करून ठेवा, वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

कागदपत्रांचं मात्र डोकं शांत ठेवून करा, आपल्याकडं खरी अडचण तिथंच आहे. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, सुटेल तेव्हा सुटेल, तोवर दाखले कन्नडमध्येच येणार आणि पुण्यातला क्लार्क ते उलटेसुलटे करून बघणार. नाडकचेरीतनं (महसूल खात्याच्या इथल्या ऑफिसातनं) निघणारे जातीचे-उत्पन्नाचे दाखले, शेतीचा उतारा यांचं भाषांतर इथनंच करून न्या, बेळगावात करून देणारे आहेत, तिकडं शोधत बसाल. आधार, पॅन, बँक, मार्कलिस्ट या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच पाहिजे, कुठं वडलांचं नाव पुढं, कुठं नुसतं इनिशियल, यावरनंच पीएफ क्लेम परत येतात. आणि इथला जातीचा दाखला महाराष्ट्रात आरक्षणाला चालत नाही, त्या भरवशावर राहू नका.

रेशन कार्ड रद्द करू नका. केंद्राचं धान्य देशात कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून मिळतं, आपल्या वाट्याचं तिकडं उचलायचं, घरच्यांनी उरलेलं इथं. फक्त केवायसी सगळ्यांची झालेली पाहिजे. बायकांना शक्ती योजनेचा फुकट प्रवास कर्नाटकापुरताच, कोल्हापूरला जायचं तर तिकीट, महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं, ते पण महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच.

जमिनीचं काय? पड टाकू नका बाबांनो. पड रानात झुडपं वाढतात आणि गवा त्याच वाटेनं शेजाऱ्याच्या भातात उतरतो, म्हणजे तुमच्या जाण्यानं अजून दोन घरं उठतात. वाट्यानं द्या, नाहीतर काजू लावा, पहिली दोन-तीन वर्षं जपला की मग रोज कोणी राहावं लागत नाही. नासधूस झाली तर लगेच फोटो काढून उताऱ्यासकट वनखात्याकडं अर्ज करायला घरात कुणाला तरी शिकवून ठेवा. मागं राहिलेल्यांना उद्योग खात्रीचं (रोजगार हमीचं) काम पाहिजे असेल तर पंचायतीत लेखी मागा आणि पोच घ्या, काम मागून 15 दिवसांत मिळालं नाही तर भत्ता मागता येतो, तोंडी मागणाऱ्याला काहीच मिळत नाही. घर बंद ठेवणार असाल तर मे महिन्यात येऊन कौलं परतून जा, एक पावसाळा चुकला की वासे कुजलेच म्हणून समजा.

पोरांना बरोबर नेण्याआधी मात्र दहादा विचार करा. कर्नाटकात सीईटीला ग्रामीण कोटा पाहिजे तर पहिली ते दहावी इथल्याच खेड्यातल्या शाळेत झालेली लागते, मध्येच तीन वर्षं पुण्यात गेली की तो हक्क गेला. महाराष्ट्रात सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी पोरांना इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला वेगळ्या जागा असतात, त्याला पण त्या गावचा रहिवासी दाखला लागतो. म्हणून बरेचजण दहावीपर्यंत पोरं आजीकडं ठेवतात. नेणारच असाल तर टीसी काढतानाच हेडमास्तरांकडनं कुठली इयत्ता कुठल्या वर्षी शिकली त्याचा दाखला सहीशिक्क्यासकट घेऊन ठेवा, नंतर सात-आठ वर्षांनी मागायला गेलं की कोण ते रजिस्टर शोधत बसतंय.