चार फुटांच्या फळ्या जोडून मिरज जंक्शन

माझे बाबा मिरज स्टेशनात सांधेवाले होते. शाळेच्या सुट्टीत त्यांचा डबा घेऊन मी जायचे, तेव्हा एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ दिसायचे. पुण्याकडून आलेलं ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारं मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी, नॅरोगेज गाडी, जी १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली होती. आता तिथं एकच माप राहिलंय. ते जुनं स्टेशन मला पुन्हा डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून त्याची छोटी, गाडी चालणारी प्रतिकृती करायचं ठरवलं.

सांगलीत गावभागात मी ब्लाउज-ड्रेस शिवते. दुकानामागची खोली दहा बाय बारा, त्यात निम्मी कापडाची गाठोडी. एवढ्या जागेत स्टेशन मावत नाही. म्हणून आम्ही पाच जणांनी पाच फळ्या वाटून घेतल्या. ज्याची त्याची फळी ज्याच्या त्याच्या घरी, आणि महिन्यातून एका रविवारी सगळ्या जोडून गाडी चालवायची. मिरजेचे सतारवाले चाचा, विश्रामबागेतले गणिताचे निवृत्त सर, माधवनगरचा बेकरीवाला पोरगा, बँकेतल्या ताई आणि मी. तुमच्याकडे जागा कमी आणि मित्र चार-पाच असतील, तर हीच पद्धत धरा. एकट्यानं मोठा लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनाची मांडणी, सुरू करणारे पुष्कळ बघितलेत, आणि त्यातले बरेचसे माळ्यावर धूळ खात पडलेलेही बघितलेत.

सुरुवात करण्याआधी पुण्याला जाऊन कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या. भाऊसाहेब जोशींनी ते १९९८ साली लोकांसाठी उघडलं. आम्ही पाचही जण एकत्र गेलो होतो. येताना कोयना एक्सप्रेसमध्ये साताऱ्यापर्यंत वाद चालला होता की स्केल कुठलं घ्यायचं. तो वाद आधी मिटवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आम्ही एचओ घेतलं, म्हणजे एकास सत्त्याऐंशी. खरी वस्तू ८७ पट लहान. याचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे मिळतात, ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या मापावरून आलेले. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. सरांनी वहीत भागाकार करून दाखवला: १६७६ भागिले ८७, म्हणजे १९ मिलिमीटरच्या थोडं वर. तयार रूळ आपल्या गाडीला जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद पडतात. ते सोसून घ्या. हातानं रूळ घडवण्याचा हट्ट पहिल्या वर्षी नको. मीटरगेज साडेअकरा येतं, त्याला १२ मिलिमीटरचा रूळ चालतो. आणि बार्शी लाइटचं ७६२ मिलिमीटर भागिले ८७ केलं तर पावणेनऊच्या आसपास येतं. एन नावाच्या आणखी छोट्या स्केलचा रूळ असतो बरोबर ९ मिलिमीटरचा! तो हिशोब वहीत उतरला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बाबांची छोटी गाडी बाजारात आयत्या मिळणाऱ्या रुळावर बसत होती. फक्त एनचे स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, फार बारीक आणि दाट असतात. नॅरोगेजसाठी वापरताना ते मातीत अर्धे बुजवून टाका, मग खटकत नाहीत.

आता फळी. आठ बाय चारचं १२ मिलिमीटरचं प्लायवूड घ्या आणि आडवं कापा. चार फूट लांब, दीड फूट रुंद अशा पाच फळ्या निघतात, वर चार फुटांची एक पट्टी उरते. प्लाय पाण्याला टिकणारंच घ्या. २०१९ च्या महापुरात गावभागात पाणी शिरलं तेव्हा माझी फळी खालच्या खोलीत होती. साधं प्लाय पापुद्र्यांनी सुटलं. बाकीचे चौघं पाणी ओसरल्यावर आले ते फावडी घेऊन. आधी दुकानातला गाळ काढला, शिवणयंत्रं उन्हात नेली, आणि फळीचं नावसुद्धा आठवडाभर कुणी घेतलं नाही. नवीन फळी चाचांनी परस्पर कापून आणली. तेव्हापासून आमच्या सगळ्या फळ्या वरच्या मजल्यावर, भिंतीला उभ्या असतात.

फळीखाली तीन इंची पट्ट्यांची चौकट मारा. लांबीच्या दोन पट्ट्यांमध्ये एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही. पण दोन्ही टोकांच्या पाट्या काटेकोर पाहिजेत, कारण त्या दुसऱ्याच्या फळीला भिडणार असतात. शिवणकामात बाहीचा घेर कसाही सैल ठेवता येतो, पण मुंढ्याशी जुळणारी खूण चुकली की सगळी बाही फिरते. तसंच हे.

यात आमचं काय झालं ते सांगते. टोकाच्या पाटीचा नमुना मी जाड पुठ्ठ्याचा कापला होता. रूळ पुढच्या कडेपासून सहा इंचांवर, बोल्टची भोकं कुठं, हे सगळं त्यावर आखलेलं. तो नमुना घरोघर फिरला. बेकरीवाल्याची फळी सगळ्यांत शेवटी झाली. जोडायला गेलो तर त्याची भोकं दीड मिलिमीटर खाली, आणि इंजिन त्या सांध्यावर आलं की उतरायचं. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणाले, "अरे, माप घेताना लक्ष कुठं होतं तुझं?" पोरगं काही बोललं नाही. पुढचे दोन रविवार आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठा पुन्हा हातात घेतला तेव्हा दिसलं. चार जणांनी पेन्सिल फिरवून खालची कड झिजली होती आणि पावसाळी हवेनं कोपरा फुगून मऊ पडला होता. चूक त्याची नव्हती, माझ्या नमुन्याची होती. मी तशीच माधवनगरला गेले, बेकरीत गिऱ्हाइकांपुढंच त्याला म्हणाले, "माझं चुकलं." तो म्हणाला, "काकू, आधी चहा घ्या." त्या संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही दोघांनी मिळून दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा नमुना कापला. तुम्ही पहिल्या दिवसापासून पत्र्याचाच कापा.

दोन फळ्या जुळवायला नुसते बोल्ट पुरत नाहीत. बोल्टाच्या भोकात थोडी ढिलाई राहतेच. बोल्ट आणि विंग नट फक्त आवळायला. नेमकी जागा धरायला खुंट्या लागतात, आणि ही युक्ती चाचांची. सतारीची खुंटी टोकाकडे निमुळती असते, भोकही तसंच निमुळतं. जितकी दाबाल तितकी घट्ट बसते, आणि पिळून ओढली की सुटते. चाचांनी शिसवाच्या आठ खुंट्या करून दिल्या, एका सांध्याला दोन. दोन शेजारच्या पाट्या एकमेकींना क्लॅम्पनं आवळायच्या आणि दोन्हींतून एकदमच भोक पाडायचं. मग ती खुंटी त्याच सांध्याची, दुसरीकडे बसत नाही. म्हणून खुंटीवर आणि फळीवर एकच नंबर कोरून ठेवा.

रुळाचा सांधाही असाच, दोघांनी मिळून. दोन्ही फळ्या खुंट्यांनी जोडून ठेवा. दोन्हीकडच्या काठाशी, रुळाच्या बरोबर खाली, पितळी स्क्रू पिळा. स्क्रूचं डोकं रुळाच्या तळाला जेमतेम टेकलं पाहिजे. आता सांध्यावरून अखंड रूळ टाका. रुळाची खालची बाजू कानशीनं घासून चकचकीत करा, फ्लक्स लावा आणि स्क्रूला डाग द्या, म्हणजे सोल्डर करा. शेजारच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवायला विसरू नका, नाहीतर प्लॅस्टिक वितळतं. गार झालं की बारीक पात्याच्या करवतीनं बरोबर सांध्यावर रूळ कापा. करवतीच्या पात्याएवढीच फट राहते, आणि दोन्ही टोकं हलत नाहीत. हे काम एकट्यानं करता येत नाही. एक फळी तुमची, दुसरी शेजाऱ्याची, त्यामुळे एका संध्याकाळी तरी त्याच्या घरी बसावंच लागतं. आमच्यात सर आणि चाचा कधी एकमेकांशी फारसं बोलत नसत. दुसरा सांधा त्यांचा होता. आता सर मिरजेला सतार शिकायला जातात.

वायरिंगबद्दल थोडक्यात. गाडी १२ व्होल्ट डीसीवर चालते. प्रत्येक फळीखालून घरच्या वायरिंगची एक लाल, एक काळी वायर न्या. बघणाऱ्याच्या बाजूचा रूळ लाल, मागचा काळा. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी बारीक वायर डाग देऊन खालच्या मोठ्या वायरला जोडा, सांध्यातल्या पत्र्याच्या जोडावर विसंबू नका. प्लग नेहमी डाव्या टोकाला, सॉकेट उजव्या टोकाला. पाचही फळ्यांना हा नियम सारखा असला की उलटी जोडणी होतच नाही. चालू करण्याआधी मल्टिमीटरनं शॉर्ट तपासा. हे ताईंचं काम, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय आमच्यात कुणी बटणाला हात लावत नाही.

खडीसाठी आम्ही क्रशरवरची काळी कच आणली. चहाच्या गाळणीतून चाळून बारीक भुकटी टाकून द्यायची. मग लोहचुंबक कागदात गुंडाळून कचीतून चार-पाच वेळा फिरवा. आपल्याकडच्या काळ्या दगडात चुंबकाला चिकटणारे कण असतात. मी हे केलं नव्हतं. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतं, तिनं ते कण ओढून घेतले आणि दुसऱ्या महिन्यात मोटर कुरकुरायला लागली. खडी रुळात पसरल्यावर एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरनं सोडा. साबणानं पाणी खडीवर गोळा न होता आत मुरतं. रात्रभर हात लावू नका.

डोंगर-गवत तर आपल्याला शिकवायला नको, दिवाळीचा किल्ला ज्यानं केलाय त्याला सगळं येतं. फक्त मातीच्या जागी प्लास्टरमध्ये बुडवलेलं जुनं सुती कापड, आणि अळिवाच्या जागी हिरवा रंगवलेला वखारीतला भुसा.

गाड्यांचं सांगायचं तर नव्या पद्धतीचा एलएचबी डबा या स्केलमध्ये २७ सेंटिमीटरांच्या वर जातो. चार फुटी फळीवर चार डबे पुरे होतात. म्हणून प्लॅटफॉर्म आखडता घ्या आणि पहिल्या खेपेला वळण टाळा. दीड फूट त्रिज्येच्या वळणावर लांब डबे फार बाहेर झुकतात. आमचा लेआउट सरळ आहे, वीस फूट. सरांचा हॉल आणि पुढची पडवी मिळून तेवढी जागा निघते.

बेकरीवाल्यानं बत्तीस मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे कापून दहा टाकी-डबे केलेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली गाडी गेली ती दहा टाक्यांची, पाच लाख लिटरची. पुढं पन्नास टाक्या जायला लागल्या. पन्नास डबे केले तर आमच्या स्केलमध्ये सात मीटर गाडी होईल, लेआउटपेक्षा लांब. त्याची आजी लातूरकडची. ती गाडी सुटताना तो अजूनही हात जोडतो.

चालवताना एक नियम पक्का ठेवा, नाहीतर दोन गाड्या समोरासमोर येतात आणि माणसंही. बाबांच्या वेळी एकेरी मार्गावर ड्रायव्हरकडे टोकन, म्हणजे पुढं जायच्या परवानगीची खूण, असल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात नेत नसत. बाबा वेताच्या कडीतलं ते टोकन धावत्या इंजिनाकडे द्यायचे तेव्हा माझा श्वास थांबायचा. आम्ही टोकन म्हणून कोटाची मोठी बटणं वापरतो, प्रत्येक सांध्याला वेगळ्या रंगाचं. तुमच्या हातात तांबडं बटण असेल तर पहिल्या सांध्यापलीकडचा रूळ तुमचा. नसेल तर शेजाऱ्याकडे मागायचं आणि तो देईपर्यंत थांबायचं.

वेगावरही लक्ष ठेवा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे आपल्या स्केलमध्ये सेकंदाला १९ सेंटिमीटर. चार फुटी फळी ओलांडायला सहा-साडेसहा सेकंद लागले पाहिजेत. छोटी गाडी ताशी २५ नं धरा, तिला पंधरा सेकंद. आम्ही घड्याळ लावून सराव केला. छोटी गाडी त्या संथ चालीनं पहिल्यांदा माझ्या फळीवर आली तेव्हा सरांनी हॉलमधला पंखा बंद केला, आवाज ऐकू यावा म्हणून.

संध्याकाळी सहाला मोडायला घ्यायचं. आधी मेन स्विच, मग प्लग, मग विंग नट, खुंट्या सगळ्यांत शेवटी, आणि प्रत्येक सांध्याशी दोघं जण उभे पाहिजेत, एक फळी या हाताची, एक त्या. खुंट्या माझ्या रिळांच्या डब्यात जातात. चाचा मोजतात, मीही मोजते. आठ भरल्या की डबा बंद, आणि पुढचा रविवार कुणाच्या सोयीचा ते विचारायचं.