व्हीलचेअर जाईल अशी निसर्गवाट
साताऱ्याच्या डोंगरउतारावर एखाद्या संस्थेच्या जमिनीत अशी वाट आखताना आधी चढ मोजावा. २० मीटर अंतरात एक मीटरहून अधिक चढ येत असेल, तर वाट सरळ वर न नेता वळणे देऊन लांबवावी. रुंदी १.५ मीटर पुरते, मात्र दोन व्हीलचेअर समोरासमोर येतील तेथे १.८ मीटर ठेवावी. खरी कसोटी पावसाळ्याची: नुसता मुरूम वाहून जातो, म्हणून खाली खडीचा थर देऊन त्यावर मुरूम पाणी मारून रोलरने दाबावा आणि डोंगराच्या बाजूने चर काढावा. गुळगुळीत फरशी दिसते नेटकी, पण शेवाळ धरते. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे जांभा खडकाच्या उघड्या पठारावर, मात्र खोदकाम करूच नये. तेथील पातळ मातीतच पावसाळी रानफुले रुजतात.