अलॉटमेंटवर मे-जूनची घाई नको: या चुका टाळा

मे उजाडला की इंग्लंडमधल्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यांवर, दरवर्षी तोच प्रकार. हिवाळाभर बंद असलेल्या शेडची कुलपं निघतात, गार्डन सेंटरमधून ट्रे भरभरून रोपं येतात आणि एका शनिवार-रविवारात सगळी लागवड उरकली जाते. जून अर्धा सरला की तीच मंडळी विचारत येतात: पानं पिवळी का पडली, वेल वाढत का नाही, मेथी लगेच फुलावर कशी गेली? ही उत्तरं मी तोंडी इतक्यांदा दिली आहेत की आता लिहूनच ठेवते. माझा प्लॉट मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडात, काउन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) साइटवर आहे. तुम्ही लंडनच्या दक्षिणेला असाल तर माझ्या तारखा आठवडाभर अलीकडे घ्या, स्कॉटलंडात असाल तर पंधरा दिवस पुढे ढकला.

ऊन बघून लागवड करणं

सगळ्यात जास्त रोपं या एका चुकीपायी जातात. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी बँक हॉलिडे असतो, त्या दिवशी जरा ऊन पडलं की लोकांना उन्हाळा आल्यासारखा वाटतो. आमच्या साइटवर नुकताच अर्धा प्लॉट मिळालेलं एक मराठी जोडपं अशाच सुट्टीला आलं. बावीस डिग्री, माती वरून कोरडी आणि कोमट. दोघांनी दुपारभर खपून टोमॅटो, कोर्जेट (झुकिनी), रनर बीन्स (वेलावरचा घेवडा) आणि घरात खिडकीत वाढवलेली दुधीची रोपं लावून टाकली. दुधीचं बी त्यांनी फेब्रुवारीतच पेरलं होतं, त्यामुळे वेल हातभर लांब आणि देठात अगदी बारीक. मी म्हटलं, निदान आठवडाभर रात्री झाकून ठेवा. त्यावर उत्तर आलं, "काकू, फोनवर बघितलं ना, रात्री तीन डिग्री आहे. शून्याच्या खाली जात नाहीये."

फोनवरचं तीन डिग्री हे जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या हवेचं असतं. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते, आणि गवताच्या पातळीला पारा शून्याखाली उतरतो. शिवाय गार हवा जड, ती उतारावरून खाली येऊन तळाच्या कुंपणाशी साचते. त्यांचा प्लॉट नेमका उताराच्या तळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्जेट आणि बीन्सची पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट, लिबलिबीत होऊन पडली होती. टोमॅटोचे शेंडे गेले होते.

शेडच्या विटांच्या भिंतीला लागून लावलेली दुधीची दोन रोपं तेवढी वाचली. शिकण्यासारखं आहे ते त्या दोन रोपांकडून. ती मेली नाहीत, पण जूनपर्यंत जागची हललीही नाहीत. पानं पिवळट, शेंडा आखडलेला, नवा तणावा नाही. दुधी, काकडी, कारलं यांची मुळं गार मातीत पाणी आणि अन्न उचलत नाहीत. रात्र दहा डिग्रीच्या खाली जात असली की ही पिकं नुसती उभी राहतात. जूनमध्ये त्याच भिंतीशी मी त्यांना माझ्याकडचं तीन पानांचं लहान रोप लावायला दिलं. जुलै संपायच्या आत ते त्या दोन थोरल्या वेलांच्या पुढे निघून गेलं. लवकर लावलं म्हणजे लवकर मिळतं, हे या देशात खरं नाही.

माझी पद्धत साधी आहे. प्लॉटच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात खुंटीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर मी कमाल-किमान तापमापक बांधून ठेवलाय. आठवडाभर किमान आकडा सात-आठच्या खाली गेला नाही की टोमॅटो, कोर्जेट आणि घेवडा बाहेर. बहुतेक वर्षी ते जूनच्या पहिल्या आठवड्यात होतं. दुधी आणि कारल्यासाठी मी दहाची वाट बघते, आणि खरं सांगायचं तर पॉलिटनेल, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाचा मांडव, असेल तर ती दोन्ही पिकं तिथेच ठेवा. मिरची काचेखाली, म्हणजे काचघरातच बरी. त्याआधी पंधरा दिवस रोपं कणखर करून घ्यायची: पहिले काही दिवस सावलीत दोन-तीन तास, मग अर्धा दिवस उन्हा-वाऱ्यात, मग दिवसभर, आणि शेवटचे चार-पाच दिवस रात्रीसुद्धा बाहेर. खिडकीतल्या रोपाने वारा कधी पाहिलेला नसतो. ते थेट वाफ्यात गेलं की पानं पांढुरकी पडून वाळतात आणि लोक त्याला रोग समजून फवारणीच्या बाटल्या शोधायला लागतात.

गार्डन सेंटरमध्ये टोमॅटोची रोपं एप्रिलपासूनच मांडलेली असतात, ती काचेखाली वाढलेली असतात. विक्रीला आलं म्हणजे लागवडीची वेळ झाली, असा अर्थ काढू नका. बटाट्याची पालवी मेमध्ये थंडीत सापडेल असं वाटलं तर संध्याकाळी सरळ मातीची भर चढवून झाकून टाका, नाहीतर वरून फ्लीस (रोपं झाकायचं पातळ पांढरं कापड) घाला. बटाटा शेंडा करपला तरी पुन्हा फुटतो. कोर्जेट फुटत नाही.

फुकटच्या खतावर उडी मारणं

दुसरी चूक मला जास्त चटका लावते, कारण ती कष्टाळू माणसांकडून होते. साइटच्या फाटकाशी कुणीतरी घोड्यांच्या तबेल्यातली लीद ट्रेलरभर आणून टाकतं, "फुकट, हवी तेवढी न्या" अशी पाटी लागते, आणि तासाभरात ढीग संपतो. आमच्या पलीकडच्या ओळीतले एक गृहस्थ असेच वीस-पंचवीस ढकलगाड्या घेऊन गेले. खत काळं, भुसभुशीत, वासही नाही. त्यांनी टोमॅटोच्या, बटाट्याच्या आणि घेवड्याच्या वाफ्यांत मनसोक्त घातलं. तीन आठवड्यांनी टोमॅटोचे शेंडे नेच्याच्या कोवळ्या पानासारखे आत वळले, पानं अरुंद होऊन वाट्या झाल्या, घेवड्याची पानं चुरगळली. त्यांना वाटलं व्हायरस. सगळे टोमॅटो उपटले, नवी रोपं विकत आणली, त्याच वाफ्यात लावली. तीही तशीच वळली. माझ्याकडे आले तेव्हा मी एकच गोष्ट बघितली: त्याच खताच्या वाफ्यात त्यांचा मका कसा आहे? मका ठणठणीत होता. तिथेच निदान झालं.

असं होतं ते अमिनोपायरॅलिड या तणनाशकामुळे. कुरणातली रुंद पानांची तणं मारायला ते फवारतात, गवताला काही होत नाही. ते गवत किंवा त्याची वाळलेली वैरण घोडा खातो, औषध त्याच्या पोटातून जसंच्या तसं लिदीत उतरतं आणि काडीकचऱ्याच्या तंतूंत अडकून राहतं. ढीग नुसता कुजला म्हणून ते जात नाही. मातीतल्या जिवाणूंनी तो तंतू पुरता मोडला की मगच ते नाहीसं होतं. मका गवताच्याच कुळातला, म्हणून वाचतो. टोमॅटो, बटाटा, घेवडा, वाटाणा यांना अगदी थोडं प्रमाणही पुरतं. ब्रिटनमध्ये २००८ साली हा प्रकार इतक्या बागांत झाला की त्या औषधाची विक्री थांबवावी लागली. पुढे अटी घालून ती पुन्हा सुरू झाली, पण तबेल्यातल्या माणसाला आपली वैरण कुठल्या शेतातली हे पुष्कळदा ठाऊकच नसतं.

म्हणून कुठलंही खत, अगदी पिशवीतलं विकतचंसुद्धा, मी तपासल्याशिवाय वाफ्यात घालत नाही. तीन कुंड्यांत निम्मं खत आणि निम्मं साधं कंपोस्ट, दुसऱ्या तीन कुंड्यांत नुसतं कंपोस्ट. प्रत्येकीत ब्रॉड बीन्सचे (बाकल्याचे) दोन-तीन दाणे. खताच्या कुंड्यांखालचं पाणी दुसऱ्या कुंड्यांत जाऊ द्यायचं नाही, ताटल्या वेगळ्या ठेवायच्या. महिनाभरात नवी पानं सपाट आणि सरळ आली तर खत चांगलं. लोक म्हणतात, महिना कुठे थांबायचं? ज्यांना प्लॉटसाठी वेटिंग लिस्टवर वर्षानुवर्षं थांबायला जमलं, त्यांना महिना जड जाऊ नये.

खत आधीच पडलं असेल तर वर दिसतंय ते काढून टाका, उरलेलं मातीत मिसळा आणि उन्हाळाभर दर दोन-तीन आठवड्यांनी माती वर-खाली करा, म्हणजे जिवाणूंना काम करता येईल. त्या जागी या वर्षी मका घ्या. ते खत कुणाला देऊ नका, कंपोस्टच्या ढिगातही टाकू नका.

भारतातलं बी इथल्या दिवसांत पेरणं

हे खास आपल्या लोकांसाठी. एकवीस जूनला लंडनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो, पुण्यात सव्वातेरा तासांच्या आसपास. पिकाला हा फरक चांगला कळतो. आपल्याकडचा कांदा लहान दिवसांचा. इथे वसंतात लावला की पात पुरती वाढायच्या आतच दिवस त्याच्या लेखी मोठा झालेला असतो, आणि गोटीएवढा कांदा धरून तो थांबतो. खत-पाण्याने त्यात काही फरक पडत नाही. इथल्या लांब दिवसांच्या जाती घ्या. वाल-पावट्याचं उलट आहे. त्याच्या बहुतेक गावठी जाती दिवस लहान व्हायची वाट बघतात, म्हणजे इथे सप्टेंबरात फुलायला लागतात, आणि शेंग भरायच्या आत थंडी येते. त्याऐवजी रनर बीन्स लावा, कोवळ्या शेंगांची भाजी उत्तम होते. शिवाय टोमॅटो-मिरचीचं बी सामानातून आणायचं तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते नसताना आणू नका, त्यातून येणारे रोग सगळ्या साइटला भोवतात.

मेथी आणि कोथिंबीर जूनमध्ये फुलावर जाणारच. दोन्ही मी एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला पेरते. मधल्या काळात कोथिंबीर हवीच असेल तर सावलीत, जागच्या जागी, थोडी थोडी पेरा. रोप उचलून लावलेली कोथिंबीर टिकत नाही.

आता बाकीच्या चुका

रोज संध्याकाळी पाइपने वरवर शिंतडू नका. पाणी बोटभर खाली जातं, मुळं वरच राहतात आणि एक दिवस चुकला की रोप मान टाकतं. आठवड्यातून दोनदा, आळ्यात, सावकाश, झारीभर. सकाळी घाला, रात्री ओल्या मातीवर गोगलगाई मोकाट फिरतात. टोमॅटोचं बूड काळं पडतं तेही कधी कोरडं कधी चिंब अशा पाण्यामुळे, कारण त्याने फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. त्यावर अंड्याची टरफलं पुरायचा सल्ला सगळीकडे फिरतो. टरफलं त्या हंगामात विरघळतसुद्धा नाहीत.

गोगलगाईंसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या इथे २०२२ पासून बाहेर वापरायला बंदी आहे. शेडमध्ये जुना डबा असेल तर काउन्सिलच्या कचरा केंद्रात विचारून द्या. मी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन हाताने वेचते, आणि लेट्यूसचं रोप चार-पाच पानांचं झाल्याशिवाय बाहेर लावत नाही.

तणाने भरलेला प्लॉट मिळाला म्हणून भाड्याने रोटाव्हेटर आणून फिरवू नका. बाइंडवीड (वेलासारखं तण) आणि काउच ग्रास (हरळीसारखं गवत) यांच्या मुळाचा प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. दुपारभर जमीन सुरेख दिसते, महिन्याने तण दुप्पट. एक चतकोर भाग काट्याने खणून मुळं वेचा, उरलेला जाड काळ्या कापडाखाली झाका, पुढच्या वर्षी तिकडे वळा. काउन्सिलच्या पाहणीला माणूस आला तर तुमचं काम सुरू आहे हे त्यातून त्यालाही दिसतं.

बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारी फूट, काढायची ती दोरीवर चढवलेल्या टोमॅटोची. झुडपी जातीची काढलीत तर फळंच काढून टाकलीत.

मका एका लांब ओळीत लावू नका, चौकोनात लावा. त्याचं परागीकरण वाऱ्यावर होतं, नाहीतर कणसात दाणे विरळ भरतात.

अ‍ॅस्परॅगस नवा लावलाय तर पहिली दोन वर्षं सुरी लावू नका, आणि जुन्यालाही जूनच्या मध्यानंतर वाढू द्या.

गूजबेरीची पानं खाणाऱ्या सॉफ्लाय या माशीसारख्या किड्याच्या अळ्या झुडपाच्या मध्यात, खालच्या पानांपासून सुरुवात करतात. बाहेरून दिसेपर्यंत झुडूप उघडं झालेलं असतं. एप्रिल संपता संपता फांद्या बाजूला सारून आत बघायची सवय लावा.

स्ट्रॉबेरीवर जाळी घालताना ती ताणून, खुंट्या मारून घाला. सैल जाळीत पक्षी आणि साळिंदरासारखे काटे असलेले हेजहॉग अडकून तडफडून मरतात, आणि मालक आठवड्याने उगवतो. ताण देऊन बांधायला वेळ नसेल तर जाळी घालू नका, चार फळं पक्ष्यांना जाऊ द्या.

शेवटी करपा. सलग दोन दिवस किमान तापमान दहा डिग्री किंवा वर आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास हवेतली आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त, असं झालं की बटाट्यावर आणि टोमॅटोवर करपा येण्याची हवा तयार झाली असं इथे धरतात. जूनच्या अखेरीपासून पावसाळी आठवड्यात रोज पानांच्या कडा बघा. तपकिरी डाग आणि पानाच्या खालून पांढरी बुरशी दिसली की बटाट्याची पालवी त्याच दिवशी जमिनीसरशी कापा, कापलेलं काउन्सिलच्या हिरव्या कचऱ्यात द्या आणि बटाटे दोन आठवडे जमिनीतच राहू द्या, म्हणजे साल घट्ट होते आणि वरचे जंतू मरतात. दोन दिवस थांबून बघू असं म्हणू नका. आणि शेजारच्या प्लॉटवाल्याला लगेच सांगा. त्याचे टोमॅटो अजून काचेखाली हलवता येतील.