जुन्या शेव्हेलला तिच्या काळचे प्लग

1969 च्या शेव्हेल एसएस 396 ला, म्हणजे शेव्हरोलेच्या त्या जुन्या अमेरिकन गाडीला, स्पार्क प्लग घ्यायचा तर आधी सॉकेटच्या आकड्यावर नको, प्लगवरच्या अक्षरांवर नजर टाका. 'एसी' या कंपनीच्या जुन्या प्लगवर पहिला 4 म्हणजे 14 मिलिमीटरचा आटा. दुसरा आकडा उष्णतेचा: 43 थंड, 44 गरम. 'एन' म्हणजे पाऊण इंच लांब आटा, आणि या इंजिनाच्या हेडला (प्लग बसतो तो वरचा भाग) तोच लागतो. आखूड बसतो हो, पण ठिणगी खोबणीतच राहते आणि उघड्या आट्यांवर काजळी धरते.

'टी' असेल तर प्लगची सीट, म्हणजे हेडवर टेकणारी कड, निमुळती. तो पुढच्या सालच्या गाड्यांचा. तुमच्याला सपाट सीट आणि वॉशर. 'आर' म्हणजे रेझिस्टर, रेडिओतली खरखर कमी करणारा आतला रोधक. प्रदर्शनात परीक्षकांसमोर ठेवायची असेल तर 'आर' नसलेला, पांढऱ्या चिनीमातीवर हिरवे पट्टे असलेला जुना साठा शोधा. रोज फिरवायची असेल तर माझ्या मते हा खटाटोप वाया, नवा चालेल.

मात्र एनजीके या जपानी कंपनीच्या प्लगचे आकडे उलटे वाचा, तिथे मोठा आकडा थंड. पॉइंट इग्निशन (ठिणगीसाठी जुनी, इलेक्ट्रॉनिक नसलेली यंत्रणा) असेल तर गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, 0.035 इंच, आणि तो खोक्यावर विश्वास न ठेवता तारेच्या गेजने स्वतः मोजा.