डर्ट बाईकला अवरमीटर कसा लावायचा आणि तासांची वही कशी ठेवायची

आपल्या खान्देशात ट्रॅक्टर विकायला काढला की घेणारा पहिले विचारतो किती तास झाला, जेसीबीचं भाडंही तासावरच ठरतं. डर्ट बाईकचं इंजिन पण तसंच तासांवर मोजायचं असतं भाऊ, आणि इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा मीटर म्हणजे अवरमीटर. तापीच्या वाळूत दोन तास गाडी फिरवली तर मीटरवर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर पडतात, पण इंजिन सगळा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताणलेलं असतं, मागचं चाक जागच्या जागी फिरत असतं, क्लच घासत असतो आणि वरून मे महिन्याचं भुसावळचं ऊन. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर रेस करायच्या गाड्यांना तर बऱ्याचदा किलोमीटरचा मीटरच नसतो, त्यांच्या मॅन्युअलमध्ये ऑइल, व्हॉल्व्ह, पिस्टन सगळं तासांत दिलेलं असतं, काही रेसिंग फोर स्ट्रोकला दर १० तासांनी ऑइल बदलायला सांगतात.

अवरमीटर तीन प्रकारचे मिळतात. एकाची वायर स्पार्क प्लगच्या केबलला गुंडाळायची, दुसरा इग्निशनच्या १२ व्होल्टवर चालतो, तिसरा इंजिनच्या थरथरीवर. तिसरा लावायला सगळ्यात सोपा, पण गाडी पिकअपमध्ये टाकून नेली तर रस्त्याच्या धक्क्यांनी पण तास वाढू शकतात. इग्निशनवाल्यात चावी चालू राहिली की इंजिन बंद असलं तरी आकडा पळतो. म्हणून मी पहिलाच घ्या म्हणेल. फक्त आधी तुमच्या गाडीची कॉईल, म्हणजे प्लगला करंट देणारा भाग, बघा, काही गाड्यांत कॉईल टोपीसारखी थेट प्लगवरच बसते, तिथे गुंडाळायला केबलच नसते, मग बाकीच्या दोनपैकी एक घ्यावा लागतो.

लावतांना इंजिन थंड असू द्या. मीटरची जागा सायलेन्सरपासून लांब आणि चिखल-पाणी कमी येईल अशी निवडा, हँडलजवळ किंवा पुढच्या नंबर बोर्डामागे बरी पडते. मीटरची वायर प्लगच्या केबलवर चार-पाच वेढे घट्ट गुंडाळा, टोकाला केबल टाय मारा, अर्थची वायर दिली असेल तर ती फ्रेमच्या बोल्टखाली, रंग खरवडून. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा वायर ताणते का, हे न बघता निघालं की पहिल्याच राईडला वायर तुटते.

गाडी स्टार्ट केली की डिस्प्लेवर चिन्ह लुकलुकायला पाहिजे. मीटर आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात ते, पण दाखवत असेल आणि आकडा दुप्पट किंवा निम्मा वाटला तर सेटिंग बदला, बऱ्याच सिंगल सिलेंडर फोर स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला स्पार्क पडतो, काहींत दोन फेऱ्यांना एक. तासांना त्याने फरक पडत नाही.

आता आकडा वाचायचा कसा, इथे खूप जण चुकतात. १२.५ म्हणजे बारा तास पाच मिनिटं नाही, साडेबारा तास. पॉइंटनंतरचा एक आकडा म्हणजे ६ मिनिटं.

नुसता मीटर लावून काहीच होत नाही, वही पाहिजे. मी मीटर लावायच्या आधी ऑइल अंदाजाने बदलायचो आणि अंदाज प्रत्येक वेळी कमीच निघायचा, एक रविवार म्हणजे तासभर धरायचो, मीटरने दाखवलं तीन तास. आता प्रत्येक राईडनंतर तारीख, आकडा आणि काय काम केलं ते एका ओळीत लिहितो, आणि पिस्टन बदलला की तिथून पुढचे तास वेगळ्या रकान्यात. एअर फिल्टरला मात्र तास लावू नका, आपल्या काळ्या मातीच्या फुफाट्यात चालवली की त्याच दिवशी काढून धुवायचा.

जुनी गाडी घेतली असेल तर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, आधीचे तास माहीत नाहीत, आणि ऑइल-फिल्टर बदलून तिथूनच शून्य धरा. बऱ्याच मीटरची बॅटरी आतच सील असते, बदलता येत नाही, म्हणून डिस्प्ले फिका पडायला लागला की लगेच आकड्याचा फोटो काढून वहीत उतरवा, नवा मीटर शून्यापासून चालेल आणि जुने तास तुम्हालाच त्यात मिळवत जावे लागतील.