नव्या शिष्यासाठी रोजची शिस्त: कशी लावावी, कुठे बिघडते

बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (विश्वास मंडळीपुढे पक्का करण्याचा विधी) झाल्यावर पहिले काही आठवडे उत्साहात जातात. माणूस एकदम मोठे नेम धरतो: पहाटे चारला उठणे, रोज पाच अध्याय, आठवड्याला दोन उपास. थोड्याच दिवसांत सगळे सुटते आणि मागे उरते ती टोचणी. म्हणून सुरुवात रोज २० मिनिटांनी करा. पहिले तीन महिने त्यात भर घालू नका.

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळते, शिस्तीने नाही, हे आधी मनात पक्के असू द्या. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सुभक्तीची कसरत करायला सांगतो, ते तीमथ्य आधीच देवाचा आहे म्हणून. हे उलटे धरले, की एखादा दिवस चुकला तर देव रागावला असे वाटते आणि न चुकता महिना गेला तर शेजारचा भाऊ कमी प्रतीचा वाटू लागतो. दुसरा आजार पहिल्यापेक्षा वाईट, कारण तो दुखत नाही.

नेमाला घड्याळाची वेळ बांधू नका. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या बदलत राहतात. सकाळी सहाचा नेम रात्रपाळीच्या आठवड्यात मोडतोच. त्यापेक्षा तो रोजच्या एखाद्या कामाला जोडा: आंघोळ झाली की लगेच, किंवा रात्रपाळीहून घरी आल्यावर झोपण्याआधी. बसायची जागा एकच ठेवा. पवित्र शास्त्र छापील घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण वाचताना वरून एक मेसेज डोकावला की मन पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो.

२० मिनिटांची विभागणी अशी करा. दोन मिनिटे शांत बसा किंवा भजनाचे एक कडवे म्हणा. दहा मिनिटे वाचा. तीन मिनिटांत वहीत दोनच ओळी लिहा: या उताऱ्यात प्रभू कसा दिसला आणि आज मी काय करणार. दुसरी ओळ नेमकी हवी. ‘प्रेमाने वागेन’ असे लिहिले तर संध्याकाळी तपासायला काही उरत नाही. ‘धाकट्या भावाशी बोलणे बंद आहे, आज त्याला फोन करेन’ असे लिहिले तर उरते. शेवटची पाच मिनिटे प्रार्थना: स्तुती, पापांची कबुली, आभार आणि मग मागणे, याच क्रमाने. मागण्यापासून सुरुवात केली की पाचही मिनिटे त्यातच संपतात.

वाचन मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. १६ अध्याय आहेत. रोज अर्धा घेतला तर महिनाभरात होतो. मग योहान आणि प्रेषितांची कृत्ये. पुढे संपूर्ण नवा करार धरायचा तर त्याचे २६० अध्याय आठवड्याला पाच या हिशेबाने ५२ आठवड्यांत बसतात आणि दोन दिवस राहून गेलेल्या वाचनाला मोकळे राहतात. उत्पत्तीपासून, म्हणजे शास्त्राच्या पहिल्या पुस्तकापासून, ओळीने निघालेले बरेच जण तिसऱ्या पुस्तकापाशी, लेवीयापाशी, थांबतात. लेवीय मोलाचे पुस्तक आहे, पण नव्या करारातले इब्री लोकांस पत्र वाचल्यावर ते जास्त उलगडते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. जिथे थांबलात तिथून पुढे चला.

उपास पहिल्या महिन्यात नको. नंतर शुक्रवारचे एक जेवण सोडा, पाणी पीत राहा. जेवणाचा तो अर्धा तास प्रार्थनेला द्या आणि वाचलेले पैसे गरजूला, नाहीतर ते नुसते उपाशी राहणे होते. मधुमेही, गरोदर किंवा बाळाला पाजणाऱ्या स्त्रिया आणि जेवणासोबत औषधे घेणारे यांनी जेवण सोडू नये. त्यांनी टीव्ही किंवा मोबाइल सोडावा.

फळ लगेच दिसत नाही. दिंडोरी-निफाडच्या बागाईतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर त्याला द्राक्ष मिळत नाही, मिळते ती काडी. पण त्याच काडीच्या डोळ्यांत घडाची सुरुवात होते आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो घड बाहेर पडतो. काडी नीट तयार झाली नसेल तर ऑक्टोबरात कितीही खत टाकून उपयोग नसतो. योहानाच्या १५ व्या अध्यायात पिता छाटतो तोही फळ देणाराच फाटा. म्हणून तीन महिन्यांनी ‘किती वाचले’ असे विचारू नका. घरच्यांना विचारा, राग कमी झाला का.

एकट्याने हे टिकत नाही. मंडळीतला एक मुरलेला विश्वासू जोडीदार घ्या. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. आठवड्यातून एकदा ४० मिनिटे भेटा आणि तीनच प्रश्न ठेवा: काय वाचले, कुठे पडलो, कोणाची माफी मागायची आहे. ऐकलेले बाहेर जाता कामा नये. ‘प्रार्थनेसाठी सांगते हं’ म्हणून दुसऱ्याचे पाप पसरवले, की पुढच्या आठवड्यात कोणी खरे बोलत नाही. जोडीदार चुकताना दिसला तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला क्रम पाळा: आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन आणि शेवटी मंडळीपुढे.

नोकरी, लग्न, पगार यांचे निर्णय जोडीदार घेऊ लागला किंवा ‘मला विचारल्याशिवाय दुसऱ्या उपासनेला जायचे नाही’ म्हणू लागला, तर ते शिष्यत्व नव्हे, ताबा आहे. लगेच पाळकांना आणि मंडळीच्या वडीलमंडळीला सांगा आणि जोडीदार बदला. वहीतला नेम तोच राहू द्या.